वाट कोणी पाहायची आणि कशी: कर्नलमधल्या लॉकचा साठ वर्षांचा आढावा

तिसऱ्या वर्षाला ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स’ हा विषय आला की म्युच्युअल एक्स्क्लुजनवर एक प्रश्न ठरलेला. बारामतीचं विद्या प्रतिष्ठानचं अभियांत्रिकी महाविद्यालय असो की पुण्यातलं एखादं, मुलं पीटरसनचा अल्गोरिदम, सेमाफोर आणि जेवायला बसलेले पाच तत्त्वज्ञ एवढं धडाधड लिहून देतात आणि गुण घेऊन मोकळी होतात. पुस्तकांची उणीव नाही. आयआयटी मुंबईच्या धनंजय ढमढेरे यांचं या विषयावरचं पाठ्यपुस्तक देशभर वाचलं जातं. मराठी वाचकांना ललित आणि विज्ञानलेखनामुळे ठाऊक असलेल्या अच्युत गोडबोले यांचंही ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स’ वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांच्या हातात आहे. तरीही काटेवाडीहून एसटीनं कॉलेजला येणारा मुलगा पुढे पुण्यात नोकरीला लागतो, लिनक्सचा सोर्स उघडतो आणि बुचकळ्यात पडतो. पीटरसन तिथे कुठेच नाही. सेमाफोर नावापुरता उरलाय. तत्त्वज्ञ तर नाहीतच.

अभ्यासक्रम जिथे थांबतो तिथून कर्नलमधला खरा प्रश्न सुरू होतो, हे त्याचं कारण. एका वेळी एकालाच आत सोडायचं, हे गणित १९६५ साली सुटलं. त्यानंतरची साठ वर्षं बाहेर थांबलेल्यांनी काय करायचं, यावर खर्ची पडली.

मुळातली अडचण दोन ओळींची आहे. मोजणीचा आकडा ७ आहे. एका प्रोसेसरनं तो वाचला, दुसऱ्यानंही वाचला, दोघांनी एक-एक मिळवला आणि दोघांनी ८ लिहिलं. व्हायला हवे होते ९. हा आकडा एखादी फाइल किती जणांनी उघडली आहे याचा असेल, तर एक सोडून बाकी सगळ्यांनी फाइल बंद केली की तो शून्यावर येणार आणि कर्नल ती मेमरी दुसऱ्याला देऊन टाकणार, उरलेल्या एकाच्या हातात ती असतानाच. असा घोटाळा रोज होत नाही. लाखातून एकदा होतो, म्हणून तो शोधणं अवघड. लिनक्समधली ‘डर्टी काऊ’ ही कुप्रसिद्ध चूक अशाच शर्यतीतून आली होती. २००७ पासून ती कर्नलमध्ये होती आणि दुरुस्त झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये. तोवर साधा वापरकर्ता रूट होऊ शकत होता.

दोन प्रक्रियांपुरतं उत्तर डेक्कर या डच गणितज्ञानं काढलं. डाइक्स्ट्रानं १९६५ साली ते कितीही प्रक्रियांसाठी वाढवलं, तेही एका पानाच्या लेखात. गंमत अशी, की दुसऱ्याच वर्षी नूथनं त्यात खोट दाखवली: आत एकच जातो हे खरं, पण एखादा बिचारा बाहेर कायमचा ताटकळू शकतो. म्हणजे वाट पाहण्याचा प्रश्न पहिल्या वर्षापासूनच उभा होता. लॅम्पोर्टनं १९७४ मध्ये आल्या क्रमानं आत सोडणारी पद्धत दिली, तर पीटरसननं १९८१ मध्ये दोघांपुरतं इतकं सुटसुटीत उत्तर दिलं की पाठ्यपुस्तकांनी ते कायमचं उचललं.

पण ते छापल्याबरहुकूम आजच्या मशीनवर चालवलं तर फसतं. पीटरसनमध्ये आधी ‘मला आत जायचंय’ असं लिहायचं असतं आणि मग दुसऱ्यानं काय लिहिलंय ते वाचायचं असतं. आजचा प्रोसेसर लिहिलेलं लगेच मेमरीत टाकत नाही. ते स्वतःच्या स्टोअर बफरमध्ये ठेवतो आणि पुढचं वाचन उरकून घेतो. दोघांचंही लिखाण बफरमध्येच अडकलेलं, दोघांनाही समोर कोणी दिसत नाही, दोघेही आत. इंटेल किंवा एएमडीच्या साध्या लॅपटॉपवर हे करून पाहता येतं. मध्ये मेमरी फेन्स घातली तर उत्तर पुन्हा बरोबर येतं. कर्नल लिहिणाऱ्यांनी हा द्राविडी प्राणायाम केलाच नाही. वाचणं आणि लिहिणं एकाच झटक्यात करणारी सूचना हार्डवेअरकडेच मागितली. आयबीएमच्या सिस्टिम ३६० वर टेस्ट-अँड-सेट होती, ३७० वर कंपेअर-अँड-स्वॅप आली. एक्स८६ वर लॉक हा प्रिफिक्स आहे, आणि आर्म व रिस्क-फाइव्हवर त्यांच्या त्यांच्या सूचना. लॉकच्या तळाशी आज हेच असतं.

सुरुवातीच्या युनिक्सला तेही लागत नव्हतं. प्रोसेसर एकच होता आणि कर्नलमध्ये शिरलेल्या प्रक्रियेला कोणी मध्येच उठवत नसे. धोका फक्त इंटरप्टचा. नाजूक काम करताना इंटरप्ट थोपवून धरायचे, काम झालं की सोडायचे. दोन प्रोसेसर एका मेमरीवर आले आणि हा सुखाचा संसार संपला.

लिनक्समध्ये ती वेळ १९९६ च्या जूनमध्ये आली. २.० आवृत्तीनं अनेक प्रोसेसर चालवायला घेतले आणि सगळ्या कर्नलला मिळून एकच लॉक लावलं: बिग कर्नल लॉक. प्रोसेसर कितीही असोत, कर्नलमध्ये एका वेळी एकच. तात्पुरती सोय म्हणून हे शहाणपणाचंच होतं, पण ‘तात्पुरतं’ म्हणून केलेल्या गोष्टींचं जे होतं तेच झालं. हे लॉक निघालं मे २०११ मध्ये, २.६.३९ आवृत्तीत. पंधरा वर्षं लागली, कारण त्याचे लाड फार होते. ज्यानं ते घेतलंय तोच पुन्हा घेऊ शकत होता, आणि घेणारा झोपला की ते आपोआप सुटत होतं. त्यामुळे ते नेमकं कशाचं रक्षण करतंय हे कोणालाच सांगता येईना. लॉक कोणत्या डेटाचं आहे हे लिहून ठेवलं नाही तर काय होतं, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

मोठं लॉक फोडून हजारो लहान लॉक झाली, आणि खरा वाद सुरू झाला. लॉक दुसऱ्याकडे आहे. मी काय करू?

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या वाचकाला हा पेच नीरा डाव्या कालव्यावर बघायला मिळतो. आवर्तन सुटलं की चारीच्या एका दारावर एका वेळी एकाचंच भिजतं. नमुना सातचे अर्ज आधी भरलेले असतात, शेजपाळीची यादी झालेली असते, आणि नियमानं पाणी शेवटच्या शेतापासून वरवर येतं. काटेवाडीच्या एखाद्या ऊसवाल्यापुढे रात्री दोन पर्याय असतात. बॅटरी घेऊन बांधावर बसायचं, किंवा घरी झोपायचं आणि पाळी आली की कोणीतरी उठवेल यावर भरवसा ठेवायचा. बांधावर बसला तर पाणी आल्या क्षणी दारं धरता येतात, पण रात्र गेली. झोपला तर रात्र वाचली, पण उठून शेतावर पोचेपर्यंत पाणी वाहून जातं. कोणता पर्याय बरा, हे पुढच्याचं शिवार किती मोठं आहे यावर ठरतं.

कर्नलमध्ये बांधावर बसण्याला स्पिनलॉक म्हणतात. प्रोसेसर दुसरं काही न करता ‘सुटलं का, सुटलं का’ असं विचारत फिरत राहतो. झोपण्याला म्युटेक्स. त्यात प्रक्रिया रांगेत नाव लावून निजते आणि प्रोसेसर दुसऱ्या कामाला लागतो. काम काही शंभर नॅनोसेकंदांचं असेल तर झोपून उठण्याचाच खर्च जास्त, तिथे स्पिन. डिस्कवरून काही यायचं असेल तर मिलिसेकंद जातात, तिथे झोप. शिवाय स्पिनलॉक हातात असताना झोपायला सक्त मनाई. तसं केलं की लिनक्स ‘शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ म्हणून लॉगमध्ये बोंब मारतं. डिव्हाइस ड्रायव्हर लिहायला घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकानं हा संदेश एकदा तरी पाहिलेला असतो, बहुधा स्पिनलॉकच्या आत मेमरी मागताना चुकीचा फ्लॅग दिल्यामुळे.

स्पिनलॉकची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. जुन्या लिनक्समध्ये लॉक म्हणजे एक आकडा. सुटला की ज्याच्या हाती लागेल त्याचा. क्रम नाही. ज्यानं आत्ताच सोडलं त्याच्याच कॅशमध्ये तो आकडा असतो, त्यामुळे पुन्हा त्यालाच मिळण्याची शक्यता जास्त. निक पिगिननं आठ कोअरच्या ऑप्टेरॉन मशीनवर पाहिलं, तर काही थ्रेड उपाशी आणि एखाद्याला लॉक लागोपाठ दहा लाख वेळांपर्यंत. त्यानं तिकीट लॉक आणलं, ते एप्रिल २००८ च्या २.६.२५ मध्ये गेलं. लॉकमध्ये दोन आकडे असतात: पुढचं तिकीट आणि सध्या चालू नंबर. येणारा तिकीट फाडतो, एक वाढवतो आणि आपला नंबर लागेपर्यंत थांबतो. न्याय झाला.

न्याय झाला, पण गोंगाट राहिला. थांबलेले सगळे एकाच आकड्याकडे डोळे लावून बसलेले असतात. प्रत्येक प्रोसेसरच्या कॅशमध्ये त्या ओळीची प्रत असते. सोडणाऱ्यानं नंबर एकानं वाढवला की सगळ्या प्रती बाद होतात आणि सगळे एकदम नवी प्रत मागायला धावतात. नंबर एकाचाच लागलाय, धावले मात्र चाळीस. एमआयटीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये ४८ कोअरच्या मशीनवर हे मोजून दाखवलं. ठरावीक मर्यादेपलीकडे कोअर वाढवले की एकूण काम वाढायच्या ऐवजी कोसळतं. चार प्रोसेसर जास्त घेतले म्हणून मशीन हळू झालं, हे व्यवस्थापनाला समजावून सांगायचं म्हणजे कसोटीच.

यावरचा उपाय १९९१ पासून कागदावर होता. मेलर-क्रमी आणि स्कॉट यांच्या एमसीएस लॉकमध्ये प्रत्येक जण स्वतःच्या जागी, स्वतःच्या कॅशमधल्या आकड्याकडे बघत थांबतो. ज्याचं काम झालं तो फक्त पुढच्याला उठवतो. शेजपाळीत ‘माझं भिजलं, तू घे’ म्हणून शेजाऱ्याला हाक मारतात, तसंच. बाकीच्या रांगेला पत्ताही लागत नाही. मग हे लिनक्समध्ये यायला २०१५ का उजाडलं? जागेमुळे. एमसीएसला रांगेच्या शेवटाचा पॉइंटर ठेवावा लागतो, म्हणजे ६४ बिटच्या मशीनवर आठ बाइट. आणि स्पिनलॉक चार बाइटचं. ते कर्नलच्या असंख्य रचनांच्या पोटात बसलेलं, काही रचना तर मेमरीच्या प्रत्येक पानामागे एक. चार बाइट वाढवले तर मोठ्या मशीनवर भुर्दंड किती, हिशेब करा.

वायमन लाँग आणि पीटर झिल्स्ट्रा यांनी काढलेली तोड मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते. पॉइंटर ठेवायचाच नाही, प्रोसेसरचा क्रमांक ठेवायचा. स्पिनलॉक धरलेला किंवा त्यासाठी थांबलेला प्रोसेसर झोपू शकत नाही. त्यामुळे एका प्रोसेसरवर एकात एक जास्तीत जास्त चारच पातळ्या थांबू शकतात: साधं काम, सॉफ्ट इंटरप्ट, हार्ड इंटरप्ट आणि न रोखता येणारा इंटरप्ट. म्हणून प्रत्येक प्रोसेसरला आधीच चार नोड देऊन ठेवायचे. प्रोसेसरचा क्रमांक आणि पातळी मिळून सोळा बिटांत बसतात. उरलेल्यातली एक बाइट लॉकसाठी, आणि एक पहिल्या ताटकळणाऱ्यासाठी, म्हणजे एकच जण थांबला असेल तर रांगेचा खटाटोप नको. सगळं चार बाइटांत. आज तुमच्या एक्स८६ सर्व्हरवर चालतं ते हेच.

न्यायाचं हे कौतुक व्हर्च्युअल मशीनमध्ये अंगाशी येतं, हेही सांगायला हवं. तिथे प्रोसेसर खरा नसतो. हायपरवायझर त्याला कधीही बाजूला सारतो. ज्याचा नंबर लागलाय तोच नेमका बाजूला पडलेला असला तर मागची सगळी रांग जागच्या जागी फिरत राहते. क्लाउडमधल्या कर्नलसाठी म्हणून वेगळी सोय करावी लागली: फार वेळ फिरलास तर हायपरवायझरला सांगून चक्क थांब, नंबर लागला की उठवू. म्हणजे शेवटी स्पिनलॉकलाही झोपायला शिकवलं.

म्युटेक्सनं याच्या उलट केलं, जागं राहायला शिकला. लिनक्समध्ये आधी झोपण्यासाठी सेमाफोरच वापरत. इंगो मोल्नारनं मार्च २००६ च्या २.६.१६ मध्ये वेगळा म्युटेक्स आणला. नियम साधे: ज्यानं घेतलं त्यानंच सोडायचं, आणि एकदाच घ्यायचं. डाइक्स्ट्राच्या सेमाफोरला मालक नसतो, कोणीही वाढवू शकतो. म्युटेक्सला मालक असतो, आणि मालक माहीत असण्याचे फायदे एकामागून एक निघत गेले. २००९ मध्ये ठरलं, की मालक या क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवर चालू असेल तर तो लवकरच सोडेल, तेव्हा झोपू नको, थोडं फिर. मालकच झोपलेला असेल तर तूही झोप. सोलॅरिसमध्ये हे आधीपासून होतं. आजच्या म्युटेक्सला त्यामुळे तीन वाटा आहेत. कोणी नसेल तर एका कंपेअर-अँड-स्वॅपमध्ये काम. मालक धावता असेल तर फिरत थांबणं. नाहीतर रांगेत झोप. रांगेतला पहिला उठेपर्यंत नवा आलेला हुशार लॉक पळवतो, असं फार वेळा झालं तर सोडणारा ते थेट रांगेतल्याच्या हातात देतो. तुम्ही प्रात्यक्षिकात जो पी-थ्रेड म्युटेक्स वापरता, त्याच्यामागे २००२ चा फ्युटेक्स असतो. भांडण नसेल तर तो कर्नलपर्यंत जातच नाही, म्हणून तो स्वस्त.

मालक माहीत असण्याचा सगळ्यात मोठा फायदा रिअल-टाइममध्ये. १९९७ च्या जुलैत मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान काही दिवसांत वारंवार आपोआप रीसेट होऊ लागलं. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या कामानं म्युटेक्स धरला होता. उच्च प्राधान्याचं काम त्यासाठी अडलं. मधल्या प्राधान्याच्या कामांनी म्युटेक्स धरणाऱ्याला प्रोसेसर मिळू दिला नाही. पहारेकरी टायमरला वाटलं सगळं लटकलं, त्यानं मशीन रीसेट केलं. व्हीएक्सवर्क्सच्या त्या म्युटेक्समध्ये प्राधान्य वारशानं देण्याची सोय होती, फक्त बंद ठेवलेली. पृथ्वीवरून ती चालू केली आणि विषय मिटला. लॉक धरणाऱ्याला थांबलेल्याचं प्राधान्य तात्पुरतं द्यायचं, ही कल्पना शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी १९९० च्या लेखात नीट मांडली होती. लिनक्सनं ती २००६ मध्ये घेतली. स्पिनलॉकसुद्धा झोपणारे करून टाकणारा रिअल-टाइम पर्याय मुख्य कर्नलमध्ये पूर्णपणे यायला मात्र नोव्हेंबर २०२४, म्हणजे ६.१२ आवृत्ती उजाडली.

डेडलॉकवर पाठ्यपुस्तकांत बँकर्स अल्गोरिदम असतो. कर्नलमध्ये तो कोणी वापरत नाही. तिथे एकच नियम चालतो: लॉक ठरल्या क्रमानं घ्या. आणि इंटरप्ट हँडलरला लागणारं लॉक असेल तर घेण्याआधी त्या प्रोसेसरचे इंटरप्ट बंद करा. नाहीतर तुम्ही लॉक धरलंय, त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट आला, हँडलर त्याच लॉकसाठी फिरतोय, आणि तो संपल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही. हे नियम माणसं पाळतात का, हे बघायला २००६ मध्ये मोल्नारनंच लॉकडेप आणलं. प्रत्यक्ष अडकण्याची गरज नाही. एकदा अ मग ब, आणि केव्हातरी ब मग अ असं घेतलेलं दिसलं की ते ओरडतं. गेल्या वीस वर्षांत लॉकच्या बाबतीत झालेलं सर्वांत उपयुक्त काम कोणतं, असं विचारलं तर मी कुठल्याही लॉकचं नाव घेणार नाही, याचं घेईन.

त्याआधी अडकलेलं मशीन नुसतं गोठायचं. दुसऱ्या मशीनवरून सीरियल केबल लावून गोठलेला कर्नल तपासायची सोय म्हणजे केजीडीबी. या शतकाच्या सुरुवातीला तिची देखभाल पुण्यातून अमित काळे करत होते. टोरवाल्ड्‌सना कर्नलमध्ये डीबगर नकोच होता. शेवटी २००८ मध्ये केजीडीबी मुख्य प्रवाहात आलं. व्हेरिटासच्या पुण्यातल्या केंद्रामुळेही फाइल सिस्टिम आणि व्हॉल्यूम मॅनेजरच्या कर्नलमधल्या कोडवर काम केलेली पिढी या शहरात आहे. लॉकचं खरं शिक्षण अशाच ठिकाणी झालं, वर्गात नव्हे.

मुळात लॉकच नको, असाही एक पक्ष आहे. मॅकेनीच्या आरसीयूमध्ये वाचणारा काहीच धरत नाही. लिहिणारा नवी प्रत करून ती जागेवर लावतो आणि जुन्या प्रतीचे सगळे वाचक निघून गेल्यावर ती टाकतो. २००२ पासून ते लिनक्समध्ये आहे आणि वाचन जास्त, लिखाण थोडं अशा ठिकाणी त्याला तोड नाही. त्याहून टोकाचं उदाहरण पुण्यातलंच. सी-डॅकमध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये उभा राहिलेला परम ८००० ट्रान्सप्युटरवर होता. प्रत्येकाची मेमरी स्वतःची, बोलायचं ते संदेश पाठवून. सामायिक काहीच नाही, तर लॉक कशाला? पण याला किंमत आहे. प्रोग्रामरला कामाची वाटणी स्वतः करावी लागते, आणि ती चुकली तर थांबणं संदेशांच्या रांगेत होतं. वाट पाहणं चुकत नाही, जागा बदलते.

डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून कर्नलमध्ये रस्टचं पाऊल पडलं आहे. रस्टमध्ये डेटा म्युटेक्सच्या आतच ठेवतात. लॉक घेतल्याशिवाय त्याला हात लावणारा कोड कंपाइलच होत नाही. बिग कर्नल लॉकच्या पंधरा वर्षांत जे कोणी लिहून ठेवलं नाही, ते आता टाइपमध्येच लिहिलेलं असतं. लॉक किती वेळ धरायचं आणि कोणत्या क्रमानं घ्यायचं, हे मात्र रस्टही सांगत नाही.

शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना म्हणून एक विनंती. एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकाऊ कर्नलमधली स्पिनलॉकची फाइल शंभर-सव्वाशे ओळींची आहे. आधी इंटरप्ट बंद, मग ‘आपणच धरलंय का’ ही तपासणी, मग एक अदलाबदल, मग फेन्स, एवढंच तिच्यात आहे. पीटरसन शिकवून झाला की त्याच तासाला ती फाइल फळ्यावर घ्या. पुढच्या प्रात्यक्षिकात तत्त्वज्ञांना सुट्टी द्या, लॉकडेप चालू करून कर्नल बांधा, आणि एका लहानशा मॉड्यूलमध्ये दोन लॉक मुद्दाम उलट्या क्रमानं घेऊन बघा.